रीलमध्ये दाखवतात तसा पिस्ता घरच्या कुंडीत लागतो का?

ओला टिश्यू पेपर, त्यात चार पिस्ते आणि दहा सेकंदांत हिरवंगार रोप. असं एखादं रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. पिस्त्याचा किलोचा भाव बघितला की 'घरीच लावला तर?' हा विचार येणं साहजिक आहे. त्यात 'दोन वर्षांत फळ' असं सांगून रोप विकणारा कुणीतरी भेटतोच. पैसे पाठवण्याआधी या झाडाला नेमकं काय लागतं, ते समजून घेऊया.

पिस्ता मूळचा कुठला?

पिस्ता मूळचा इराण आणि मध्य आशियाच्या कोरड्या भागातला. आंबा, काजू आणि बिब्बा ज्या कुळातले, त्याच कुळातला. म्हणून 'आपल्याकडे काजू येतो, मग पिस्ता का नाही?' असं वाटू शकतं. पण नातं असलं तरी सवयी वेगळ्या आहेत. काजूला कोकणची दमट हवा मानवते. पिस्त्याला लागतो कडक हिवाळा, लांबलचक तापलेला उन्हाळा आणि कोरडी हवा.

आज अमेरिका, इराण आणि तुर्कस्तान हे पिस्त्याचे मोठे उत्पादक देश आहेत. अमेरिकेची गोष्ट रंजक आहे. १९२९ मध्ये विल्यम व्हाइटहाउस हे अमेरिकी संशोधक इराणला गेले आणि तिथून पिस्त्याचं बियाणं घेऊन आले. त्यातून निवडलेल्या एका झाडाच्या वाणाला इराणमधल्या प्रांतावरून 'केरमान' हे नाव मिळालं. कॅलिफोर्नियातल्या बागा प्रामुख्याने याच वाणावर उभ्या राहिल्या. तरी तिथलं पहिलं व्यावसायिक पीक यायला १९७६ साल उजाडलं.

थंडी किती लागते?

हिवाळ्यात पिस्त्याची पानं गळतात आणि झाड झोपी जातं. ते नीट जागं व्हायचं तर त्याला ७ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी काही शे तास मिळावी लागते. 'केरमान'सारख्या वाणाला हा आकडा ७०० तासांच्या पुढे जातो.

आता आपल्याकडचा हिशोब करू. समजा निफाडला २० दिवस पहाटे पाच-पाच तास पारा ७ च्या खाली राहिला, तर झाले १०० तास. मुंबई-कोकणात तर शून्यच.

थंडी कमी पडली की पालवी उशिरा आणि अर्धवट फुटते, नर-मादी फुलं एकाच वेळी उमलत नाहीत आणि कवचं रिकामी राहतात. २०१५ मध्ये उबदार हिवाळ्यानंतर खुद्द कॅलिफोर्नियात असंच झालं, बऱ्याच बागांमध्ये कवचात दाणाच भरला नाही.

बाजारातला खारा पिस्ता रुजेल का?

नाही. भाजल्यावर बीमधला अंकुर मरतो. रुजवायला कच्चा, न भाजलेला, कवचासकट पिस्ता हवा. तो एक दिवस पाण्यात भिजवा, मग ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये घालून साधारण सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवा. त्यानंतर खोल कुंडीत लावा. या झाडाचं सोटमूळ लांब जातं, त्यामुळे उथळ कुंडी चालत नाही.

एकच झाड पुरेल का?

इथेच अनेकांची फसगत होते. पिस्त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फळ फक्त मादीला लागतं, पण परागकण नराकडून यावे लागतात आणि ते मधमाशी नाही, वारा आणतो. बीपासून वाढवलेलं रोप नर की मादी, हे फुलं येईपर्यंत कळत नाही. त्यासाठी पाच-सात वर्षंही जाऊ शकतात. म्हणूनच बागांमध्ये कलमं लावतात आणि बऱ्याच माद्यांमागे एक नर ठेवतात. जागा कमी असेल तर मादी झाडावरच नराची फांदी कलम करता येते.

काळजी कशी घ्यायची?

ऊन: दिवसभर थेट ऊन. खिडकीतल्या कोपऱ्यात हे झाड रमत नाही.

माती: पाण्याचा पटकन निचरा होणारी. थोडी खारी जमीनही चालते, साचलेलं पाणी मात्र अजिबात नाही, मुळं कुजतात.

पाणी: भरपूर द्या, पण माती सुकल्यावरच. रोज थोडं थोडं नको.

पावसाळा: दमट हवेत बुरशी लागते. कुंडी छपराखाली, पण उजेडात ठेवा.

फळ कधी?

हवामान जुळलं तरी कलमी झाडाला पहिले पिस्ते यायला पाच ते सात वर्षं लागतात. भरघोस पीक त्याहून बऱ्याच वर्षांनी. त्यातही एक वर्ष जास्त, पुढच्या वर्षी कमी, असं चालतं. पिकल्यावर कवच झाडावरच उकलतं. इराणमध्ये अशा पिस्त्याला 'खंदान', म्हणजे हसरा, म्हणतात.

मग लावायचं की नाही?

तुम्ही कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत राहत असाल आणि अंगण मोठं असेल, तर कलमी नर-मादीची जोडी जरूर लावा. महाराष्ट्रात असाल तर हौस म्हणून कच्चं बी रुजवा, रोप वाढताना बघा, पण पिस्त्याची वाट बघू नका. आणि 'दोन वर्षांत फळ' म्हणणारा भेटलाच, तर त्याला तीन प्रश्न विचारा: कलम कोणत्या वाणाचं? नर की मादी? आणि थंडीचे तास कुठून आणणार? उत्तरं मिळाली नाहीत, तर तेवढ्या पैशांत खायला पिस्ता आणा.