दोष आतड्याचा, बोल स्वभावाला

आतड्याच्या सुजेच्या आजाराला पहिल्यापासून कोणीतरी आरोपी लागतो. १८५९ साली लंडनजवळ रिचमंडला इझाबेला बँक्स नावाची बाई उलट्या-जुलाबांनी खंगून गेली, तेव्हा तिच्याशी लग्न लावणाऱ्या डॉक्टर स्मेदर्स्टवर विषप्रयोगाचा खटला उभा राहिला. पहिली बायको जिवंत असताना त्याने हे दुसरं लग्न केलं होतं, मृत्युपत्रही त्याच्याच नावे होतं. सरकारी बाजूच्या रसायनतज्ज्ञाला बाटलीत सापडलेलं आर्सेनिक खुद्द त्याच्या चाचणीच्या तांब्याच्या जाळीतून आलं होतं, असं निघालं. तरी फाशीची शिक्षा झालीच! ती पुढे रद्द झाली. दुसऱ्या लग्नापायी मात्र तो तुरुंगात गेला. बाईच्या आतड्यातल्या जखमांचं वर्णन सॅम्युएल विल्क्स यांनी लिहून ठेवलं. या आजाराच्या इतिहासात आज तेच पहिलं पान मानतात.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. बांधणीला जाणारी जुनी नियतकालिकं माझ्या टेबलावरून पुढे सरकत, आणि मला स्वतःला याच सुजेचा एक प्रकार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, असल्यामुळे त्यातले काही गठ्ठे जरा जास्तच रेंगाळत. त्या गठ्ठ्यांमुळेच मला नवे आरोपी कळले.

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या सेसिल मरे यांनी रुग्णांशी बोलून लिहिलं की रक्ताच्या जुलाबांची सुरुवात मनातल्या कोंडीशी, बहुधा लग्न-संसाराच्या पेचाशी जुळते. मग शिकागोच्या फ्रांझ अलेक्झांडर यांनी मनाशी बांधलेल्या सात आजारांत दमा आणि रक्तदाबाच्या जोडीला कोलायटिसही बसवला. १९५५ मध्ये रॉचेस्टरच्या जॉर्ज एंगल यांनी रुग्णाचं चित्र पुरं केलं: परावलंबी, काटेकोर, राग गिळणारा; आणि त्याच्यामागे हुकमत गाजवणारी आई. माझी आई शाळेत शिकवून, दळण आणून, चौघांचे डबे भरायची. हुकमत गाजवायला तिला सवड मिळाली असती तर मला आनंदच झाला असता.

पुरावा काय होता? आजारी पडल्यानंतर रुग्णाला बोलतं करायचं आणि त्याचा जन्मस्वभाव ठरवायचा. दिवसातून वीसदा संडासात धावणारा माणूस काटेकोर नाही होणार तर काय होणार? तुलनेला निरोगी माणसं बहुतेक वेळा नसतच.

मन आणि आतडं यांचा संबंध नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये थॉमस आल्मी यांनी एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मोठ्या आतड्यात नळी घालून तपासणी चालवली आणि तो ऐकत असताना कर्करोग दिसल्याचं नाटक केलं. डोळ्यांदेखत आतडं लाल झालं, आकसलं. थट्टा होती असं सांगितल्यावर ते पुन्हा सैल पडलं. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही. पण त्या पोराच्या आतड्यात जखम झाली नाही, हेही त्यातच आहे. भीतीने आतडं लाल होणं वेगळं, आणि वर्षानुवर्षं त्यातून रक्त जाणं वेगळं.

एंगल यांचा लेख आला त्याच १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवरची कॉर्टिसोन या स्टेरॉइडची चाचणी छापली. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी खोटी. खरी गोळी घेणारे जास्त सुधारले. गोळीने कोणाच्या आईची चौकशी केली नव्हती. त्याआधीच स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्झ यांचं सांधेदुखीसाठी काढलेलं सल्फासॅलाझिन कोलायटिसला लागू पडलं होतं. १९९० मध्ये अमेरिकेत १३८ जुने अभ्यास तपासले गेले. त्यातले बहुतेक सदोष निघाले, आणि पद्धतशीर अभ्यासांत मनोविकार हे कोलायटिसचं कारण असल्याचं दिसलं नाही.

मानसिक त्रास होतो, पण त्याची वाट बरीचशी उलटी आहे. १९८९ मध्ये कॅनडात या रुग्णांच्या रोजच्या जगण्याविषयी ३२ प्रश्नांची एक यादी तयार झाली. वेळेवर संडास सापडणार नाही अशी भीती वाटते का, हा त्यातला एक प्रश्न. तो वाचून मी खुर्चीत मागे रेलले. एसटी कुठे कुठे थांबते आणि तिथल्या संडासाला आतून कडी आहे का, हे मला वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ होतं. लग्नाच्या पंगतीत मी कडेची जागा धरायचे. स्टेरॉइडने तोंड सुजलं तेव्हा "तब्येत छान सुधारली" म्हणणारेही भेटले. आपल्याकडे क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या प्रकाराच्या कित्येक रुग्णांना तर आधी पोटाचा टीबी म्हणून महिनोन्महिने औषधं घ्यावी लागतात. खरं निदान होईपर्यंत धीर खचलेला असतो.

चिंता आणि नैराश्य या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त आढळतं. ताणानंतर आजार उसळू शकतो, आणि उसळला की ताण वाढतो. समुपदेशनाने जगणं सुसह्य होतं, आतड्यातली जखम मात्र औषधानेच भरते. एंगल कारणाच्या बाबतीत चुकले, हा माझा निकाल. पण रुग्णाशी तासन्‌तास बोलायला बसणारे डॉक्टर म्हणून मला त्यांच्याबद्दल आदरही आहे.

तेव्हा घरात कोणाला हा आजार असेल तर त्याच्या स्वभावाची चर्चा थांबवा. बरं वाटू लागलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू देऊ नका. आणि झोप लागते का, भीती वाटते का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तो विषय तुम्ही काढा.