ब्लेडपासून एआयपर्यंत : चिपचा नकाशा काढतं कोण?

परवा आमच्या गल्लीतला एक पोरगा घरी आला. नुकताच दहावी पास झालाय. वडील रिक्षा चालवतात. म्हणाला, "काका, एआय आता चिपसुद्धा डिझाईन करतं म्हणे. मग मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाला ॲडमिशन घेऊ का नको?"

मी पत्रकार माणूस, इंजिनिअर नाही. "दोन दिवस थांब" म्हणालो आणि जुना इतिहास वाचत बसलो. जे सापडलं ते इथं मांडतोय.

आमच्या लहानपणी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तांब्याच्या पातळ थराच्या प्लेटवर मार्करने रेघा ओढायचे आणि प्लेट फेरिक क्लोराईडमध्ये बुडवायचे. रेघेखालचं तांबं राहायचं, बाकीचं विरघळायचं. झालं सर्किट तयार! बोटांवरचे पिवळे डाग आठवडाभर जायचे नाहीत.

गंमत म्हणजे, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्याही सुरुवातीला हातानेच नकाशे काढायच्या. 1971 साली इंटेलची 4004 ही चिप आली. तिच्यात सुमारे 2300 ट्रान्झिस्टर. नकाशा कागदावर काढायचा, मग रुबीलिथ नावाच्या लाल फिल्मवर ब्लेडने कापायचा आणि फोटो काढून बारीक करायचा. हे काम फेडेरिको फॅजिन यांनी तडीस नेलं. जपानहून मासातोशी शिमा काम कुठवर आलंय ते तपासायला आले. बघतात तर काम सुरूच झालेलं नव्हतं! आधी भडकले, मग तिथंच राहून हाताला हात लावला.

पण ट्रान्झिस्टर लाखात गेल्यावर ब्लेड कुठवर पुरणार? 1983 मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी एक पद्धत मांडली. लोहार धातू तापवून हळूहळू गार करतो, तशी. कॉम्प्युटर चिपचे भाग उलटसुलट हलवून बघतो, सुरुवातीला वाईट जागाही चालवून घेतो, मग हळूहळू कडक होत चांगली मांडणी शोधतो. 1986 मध्ये सिनॉप्सिस कंपनी निघाली. चिपने काय करायचं ते इंजिनिअरने कोडमध्ये लिहायचं, त्यातून सर्किट सॉफ्टवेअर बनवणार. हाताने नकाशे काढणाऱ्यांचं काम गेलं. पण चिपा इतक्या गुंतागुंतीच्या झाल्या की एक नवंच काम उभं राहिलं, ते म्हणजे तपासणी.

तपासणी चुकली की काय होतं ते 1994 ला दिसलं. पेंटियम चिपमधल्या एका तक्त्यात काही नोंदी राहून गेल्या आणि काही भागाकार चुकू लागले. चूक पकडली गणिताच्या एका प्राध्यापकाने, थॉमस नाइसली यांनी. इंटेलला चिपा बदलून देण्यापायी 47.5 कोटी डॉलरचा फटका बसला. बातमीत चूक झाली तर आम्ही दुसऱ्या दिवशी खुलासा छापतो. सिलिकॉनवर छापलेलं खोडता येत नाही.

आता एआयकडे येऊ. 2021 मध्ये गुगलच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दावा केला की जी मांडणी करायला माणसांना महिने लागतात, ती आमचं एआय सहा तासांच्या आत करतं. जगभर बातम्या झाल्या. पण 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अँड्र्यू काँग यांच्या गटाने पडताळणी केली, तेव्हा तीच 1983 ची लोहारी पद्धत अनेक ठिकाणी सरस ठरली! गुगलचं म्हणणं, तुम्ही आमची पद्धत नीट वापरलीच नाही. वाद मोठा झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी जीपीटी-4 शी साध्या इंग्रजीत बोलत एक छोटा 8 बिटचा प्रोसेसर तयार केला आणि तो खरोखर छापूनही घेतला. पण चुका दाखवायला शेजारी जाणकार माणूस बसलेलाच होता.

या सगळ्यातून मला एकच धागा दिसतो. रेघ ओढणारा हात दर वीस-तीस वर्षांनी बदलला. ‘इथं चुकलंय’ म्हणणारा डोळा मात्र दर वेळी जास्त लागला.

तेव्हा त्या पोराला सांगितलं, "घे ॲडमिशन. पण नुसतं सॉफ्टवेअरचं बटण दाबायला शिकू नकोस. मल्टिमीटर हातात धर, सर्किट का चाललं नाही ते शोध."

एक काळजी मात्र त्याला बोललो नाही. हा डोळा तयार होतो नवशिक्यांच्या साध्या, कंटाळवाण्या कामातून. आणि एआय सगळ्यात आधी तेच काम उचलणार. मग आमची पोरं शिकणार कुठं? केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेतून चिप डिझाईनची महागडी सॉफ्टवेअर कॉलेजांना मिळतात. ती तालुक्याच्या पॉलिटेक्निकपर्यंत कधी येणार, हे विचारायला हवं. मी विचारणार आहे.

तुमच्या घरातलं कोणी इलेक्ट्रॉनिक्स शिकत असेल, तर कॉलेजच्या लॅबमध्ये प्रत्यक्ष काय करायला मिळतं ते कमेंटमध्ये जरूर लिहा.