सरळ केलेली नदी

ऑनसाइटसाठी डेन्व्हरला होतो तेव्हाची गोष्ट. एका वीकांताला आम्ही चौघे मिंटर्नवरून लेडव्हिलला निघालो. वाटेत डोंगरांच्या मधोमध एकदम सपाट खोरं लागलं आणि त्यातून जाणारी नदी चक्क पट्टीने आखल्यासारखी सरळ! मला वाटलं कालवाच असेल. पाटी वाचली तर ती ईगल नदी, आणि जागेचं नाव कॅम्प हेल. घरी आल्यावर वाचत बसलो, त्याचा हा गोषवारा.

१९४२ साली अमेरिकन सैन्याला बर्फात, डोंगरात लढणारे सैनिक तयार करायचे होते. जागा मिळाली ती ९,२०० फुटांवर. भरपूर बर्फ आणि शेजारून रेल्वे. अडचण एकच, खोऱ्यात दलदल होती आणि नदी नागमोडी होती. मग काय, नदी सरळ चरात घातली, पाणथळ जागा भराव टाकून बुजवली आणि साधारण सात महिन्यांत हजारभर इमारती उभ्या केल्या! सोय सुमारे १५,००० माणसांची. कोळशाचा धूर खोऱ्यात इतका कोंडायचा की त्यामुळे होणाऱ्या खोकल्याला सैनिकांनी 'पँडो हॅक' असं नावच ठेवलं होतं.

हीच मंडळी १० वी माउंटन डिव्हिजन म्हणून इटलीत गेली. १८ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री रिव्हा रिजचा कडा चढून त्यांनी जर्मनांना बेसावध गाठलं. काही महिन्यांच्या लढाईत डिव्हिजनचे जवळजवळ हजार जण गेले. वाचलेल्यांपैकी पीट सायबर्टने सहकाऱ्यांबरोबर जवळच व्हेलचं स्की रिसॉर्ट काढलं, ते १९६२ मध्ये सुरू झालं. पुढे १९६४ पर्यंत सीआयएने याच खोऱ्यात गुपचूप तिबेटी गनिमांना शिकवलं. ते या जागेला 'दुम्रा' म्हणत, म्हणजे बाग.

बागेची अवस्था मात्र वाईट होती. नदी सरळ केली की तेवढाच उतार ती कमी अंतरात उतरते. मग वेग वाढतो, तळ खरवडला जातो, पूर काठावर पसरत नाही. आजूबाजूची कुरणं कोरडी पडतात, माशांना थांबायला डोह उरत नाहीत. शिवाय जमिनीत न फुटलेला दारूगोळा आणि इमारतींमधलं ॲस्बेस्टॉस राहिलं, ते वेगळंच.

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी कॅम्प हेल आणि टेनमाइल रांग मिळून ५३,८०४ एकर राष्ट्रीय स्मारक झालं. आता खरी गोची. नदीला पुन्हा वळणं द्यायची तर छावणीच्या खुणा पुसल्या जाणार, आणि खुणा जपायच्या तर नदी चरातच राहणार.

माझं मत विचाराल तर नदीला वळणं द्यावीत. रस्त्यांचा थोडा भाग, काही पाये आणि चराचा एखादा तुकडा तसाच ठेवावा, म्हणजे काय केलं होतं ते पुढच्यांना दिसेल. पण ज्यांचे आजोबा इथे शिकून इटलीत गेले आणि परतलेच नाहीत, त्यांना हे पटवणं सोपं नाही. त्यांच्या जागी असतो तर मलाही पटलं नसतं कदाचित.

असो. तिकडे गेलात तर पाटीपाशी थांबा. आणि पायवाट सोडू नका, तो दारूगोळा गमतीचा नाही.