सांता मोनिकेच्या मठातील बरोक मूर्ती

जुन्या गोव्यातील सांता मोनिका हा जोगिणींचा मठ १६०६ साली बांधावयास घेतला आणि १६२७ साली पुरा झाला. त्याच्या चर्चमध्ये आता ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. ते प्रथम १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत उघडले व २००२ साली येथे आले.

सतराव्या शतकातील युरोपात बरोक कलेचा थाट मोठा. वाऱ्याने फुगल्यासारखी वस्त्रे, आकाशाकडे लागलेले डोळे, सोन्याचा मुलामा. पाहणाऱ्याने भारून जावे हाच तिचा हेतू. हा थाट गोव्यातही आला. पण येथील हस्तिदंती कामाची खरी ओळख पटते ती ‘उत्तम मेंढपाळ’ या मूर्तीवरून. बाल येशू डोंगराच्या माथ्यावर बसला आहे, डोळे मिटलेले, गाल तळहातावर टेकलेला. खाली टप्प्याटप्प्याने मेंढरे चरत आहेत. बरोकची खळबळ येथे नाही. या मुद्रेत अभ्यासकांना ध्यानस्थ बुद्धाची आठवण झाली, ती उगीच नव्हे.

असे काम करणाऱ्यांत हिंदू कारागीर पुष्कळ होते. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू त्यांच्याकडून करवून घेण्यास मनाई केली. मनाई पुढेही पुन्हा करावी लागली, यावरून ती कितपत पाळली गेली हे कळते! ज्या राजवटीने देवळे पाडली, तिलाच आपले संत घडविण्यासाठी त्याच लोकांचे हात हवे होते.

मठापासून थोड्या अंतरावर मांडवीची फेरी लागते. पलीकडे दिवाडी बेट. तेथील सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात उद्ध्वस्त झाले आणि लिंग नदीपार डिचोली महालातील नार्वे येथे नेण्यात आले. शिवाजी महाराजांनी १६६८ साली तेथे जीर्णोद्धार करविला. तेव्हा डिचोली पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होती. ती व पेडणे हे महाल त्यांच्याकडे गेले अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेडणे १७८८ साली; तोवर धर्मांतराचा जुना आवेश ओसरला होता, आणि तेथील देवळे टिकली.

नार्व्याला गेलेल्याला मात्र मोनिकेच्या मठाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सभामंडप युरोपीय धर्तीचा, छपरे उतरत्या कौलांची, गाभाऱ्यावर अष्टकोनी बैठकीचा बसका घुमट. आणि अंगणात दीपमाळ.