शब्दयोगी कीं उभयान्वयी?

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांस सर्वांत अधिक छळणारे शब्द लांबलचक नसतात. 'बिफोर', 'आफ्टर', 'सिन्स', 'दॅन' असले चिमुकले शब्दच त्यांची परीक्षा पाहतात. कारण एका वाक्यांत जो शब्दयोगी, तोच दुसऱ्यांत उभयान्वयी ठरतो. यवतमाळ जिल्ह्यांतील मारेगांवच्या एखाद्या मुलास 'तो येण्यापूर्वी मी गेलों' याचें इंग्रजी विचारा. 'बिफोर ही केम' हें तो बरोबर लिहील. पण त्यांतला 'बिफोर' उभयान्वयी आहे, हें त्यास पटणार नाहीं. हा त्याच्या बुद्धीचा दोष आम्ही मानीत नाहीं. या घोटाळ्याचें मूळ फार जुनें आहे.

शब्दांच्या आठ जाती ही मूळची ग्रीक वांटणी. लॅटिन भाषेंत उपपद नव्हतें, म्हणून रोमन व्याकरणकारांनीं तें वगळून केवलप्रयोगी घातलें व आठांचा आंकडा राखला. तीच वांटणी पुढें इंग्रजींत आली. आपल्या यास्कानें नाम, आख्यात, उपसर्ग व निपात अशा चारच जाती सांगितल्या होत्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांच्यापुढें नमुना होता तो बव्हंशीं इंग्रजीचा. या उसनवारीवर पुढें पुष्कळ टीका झाली. १९११ सालीं मोरो केशव दामले यांनीं 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त पूर्वसूरींच्या मतांची कसून छाननी केली. तथापि एका गोष्टीचें श्रेय आपल्या व्याकरणकारांस दिलें पाहिजे. 'प्रेपोझिशन' म्हणजे अक्षरशः 'आधीं ठेवलेला' शब्द. मराठींत तो नामाच्या मागून येतो. शब्दशः भाषांतर करून चालण्यासारखें नव्हतें. 'शब्दयोगी' हें नांव रूढ झालें, तें मराठीच्या प्रकृतीस शोभणारें आहे. मारेगांवच्या आसपास कोलामी बोलणारीं मुलेंही आहेत. एमेनो यांनीं १९५५ सालीं जिचें व्याकरण प्रसिद्ध केलें ती ही द्राविड भाषा. तींतही संबंध दाखविणारा अंश नामाच्या मागूनच येतो.

मराठींत शब्दयोगी ओळखण्याची खूण म्हणजे सामान्यरूप. 'पावसामुळें' म्हणतांना 'पाऊस' बदलतो. 'पाऊस पडला म्हणून' यांत तो जसाच्या तसा राहतो. इंग्रजींत ही खूणच नाहीं. तेथें पुढें नुसतें नाम आहे कीं कर्ता-क्रियापदासह अख्खें वाक्य आहे, हें पाहावें लागतें. शिवाय मराठी अशा ठिकाणीं क्रियापदाचेंच नाम करून टाकते. 'येणें' याचें 'येण्या' होतें आणि 'पूर्वी' शब्दयोगीच राहतो. मारेगांवचा मुलगा फसतो तो येथें. ('तो येईपर्यंत' यांत मात्र आमची खूणही लंगडी पडते, 'येई' हें सामान्यरूप कसें म्हणावें?)

इंग्रज पंडितांतही एकमत नव्हतें. रॉबर्ट लौथ यांनीं १७६२ सालच्या व्याकरणांत 'दॅन' उभयान्वयी मानला. म्हणून 'दॅन आय' शुद्ध. आपला विद्यार्थी 'माझ्यापेक्षां' मनांत धरून 'दॅन मी' लिहितो (हा 'मी' इंग्रजी, हें वाचकांनीं विसरूं नये), आणि सामान्य इंग्रज बोलतांना तेंच म्हणतो. १९२४ सालीं डॅनिश पंडित येस्पर्सन यांनीं तर हा भेदच अनावश्यक ठरविला. एकाच क्रियापदास कधीं नाम कर्म होतें, कधीं वाक्य. तेवढ्यावरून आपण क्रियापदाची जात बदलीत नाहीं, मग 'आफ्टर'ची कां बदलावी, असा त्यांचा सवाल होता. २००२ सालच्या केम्ब्रिजच्या बृहद्व्याकरणानें 'बिफोर', 'आफ्टर' दोन्ही ठिकाणीं प्रेपोझिशनच मानले. म्हणजे ज्या उत्तरावर मारेगांवच्या मुलाचा गुण जातो, तें उत्तर आज मोठ्या पंडितांचें मत आहे. शालेय पुस्तकें मात्र जुनीच वांटणी शिकवितात. आणि महाराष्ट्रांतील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झालें आहे.

शिक्षकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं मराठी सर्वत्र फसवीत नाहीं. 'बट'चें भाषांतर 'शिवाय' झालें तर बहुधा तो शब्दयोगी, 'पण' झालें तर उभयान्वयी. 'फॉर'चें 'साठीं' आणि 'कारण' असेंच वेगळें होतें. घोटाळा राहतो तो 'पूर्वी', 'नंतर', 'पासून', 'पर्यंत' या कालवाचकांचा आणि 'पेक्षां'चा. तेथें भाषांतर बाजूस ठेवून इंग्रजी वाक्यांतलें पुढचें क्रियापद शोधावयास शिकवावें.