बेलापूर रोड ते प्रवरानगर

प्रवरा नदीच्या काठचे बेलापूर हे पावसाच्या दृष्टीने कमनशिबी गाव. सह्याद्रीत भंडारदऱ्याला आभाळ फाटल्यासारखा पाऊस होतो. बेलापूर-राहुरीच्या पट्ट्यात मात्र वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपासच सरी पडतात. जमीन काळी, कसदार. पण ज्वारी-बाजरीचे पीक पदरात पडेलच याची खात्री नसे. १८७६-७८च्या दुष्काळाने हा प्रदेश होरपळला. त्याच काळात दौंड-मनमाड लोहमार्गाचे काम झाले आणि १८७८मध्ये गाड्या धावू लागल्या. दौंडला पुणे-सोलापूरचा लोहमार्ग, मनमाडला मुंबई-भुसावळचा. बेलापूरचे स्टेशन या दोन्ही मुख्य मार्गांना जोडले गेले. त्याच्याभोवती उभी राहिलेली बेलापूर रोडची पेठ पुढे श्रीरामपूर म्हणून नावारूपाला आली.

रेल्वे आली, तरी पाणी यायचे होते. १९१०मध्ये भंडारदरा धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६मध्ये ते पूर्ण झाले. ओझरच्या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले. डोंगरातला पाऊस पाटाने पठारावर उतरू लागला आणि कोरड्या हवेचा तोटाच पुढे फायद्याचा ठरला. उसाला पाणी पाटाचे आणि ऊन आभाळाचे, अशी ही सोय होती. कडक थंडीने पीक जळत नाही. हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात आणि गार रात्रींत रसात साखर भरते. तोडणीच्या दिवसांत पाऊस आडवा येत नाही. अडसाली उसाला दीड वर्ष वाढू देणे इथे परवडत होते.

हे गणित सर्वांत आधी मुंबईच्या भांडवलाने ओळखले. ब्रॅडी कंपनीच्या व्यवस्थापनाखाली १९१९मध्ये बेलापूर कंपनी स्थापन झाली आणि हरेगावला साखर कारखाना उभा राहिला. पुढे डहाणूकरांचा कारखाना टिळकनगरला आला. १९३२मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि या धंद्याचा पाया पक्का झाला.

ज्यांच्या शिवारातून पाट वाहत होता, त्यांच्या वाट्याला मात्र वेगळेच आले. अनेकांनी आपल्या जमिनी कारखान्यांना खंडाने दिल्या. ज्यांनी स्वतः ऊस लावला, त्यांना गुऱ्हाळावर अवलंबून राहावे लागे. मंदीच्या वर्षांत गुळाचे भाव कोसळले, पाणीपट्टी आणि सावकाराचे देणे तसेच राहिले. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत पाणी मुरून कित्येक शेते चोपण झाली. धरण, कालवा, रेल्वे, हवामान सारे अनुकूल असूनही बागायतदार कर्जात होता.

या कोंडीला वाट दाखवली ती १९४५मध्ये बेलापूर रोडला भरलेल्या दख्खन कालवा बागायतदार परिषदेने. अध्यक्षस्थानी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. ऊस पिकवणाऱ्यांनीच सहकारी तत्त्वावर साखर कारखाना काढावा, हा विचार इथे पुढे आला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी तो मनावर घेतला. १९२३पासून गावच्या सहकारी पतपेढीचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. सावकाराच्या कचाट्यातून शेतकरी एकट्याने सुटत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

भागभांडवल जमवणे सर्वांत अवघड होते. शेतकऱ्यांना कारखाना चालवता येईल, यावर शेतकऱ्यांचाच विश्वास नव्हता. विखे पाटील आणि त्यांचे सहकारी गावोगाव, वाडीवस्तीवर हिंडले; थोडाथोडका पैसा गोळा झाला. मुंबई प्रांताचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ लाभले. अखेर १९५०-५१च्या हंगामात दिवसाला पाचशे टन गाळप क्षमतेचा, महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना लोणीजवळ प्रवरानगरला सुरू झाला. पहिल्या दशकात अध्यक्षपद गाडगीळांनी सांभाळले. भागधारक शेतकरी, कामगार, तंत्रज्ञ, ऊसतोडणी मजूर आणि बैलगाडीवान या सर्वांच्या कष्टांवर कारखाना स्थिरावला.

१९६१मध्ये पंडित नेहरूंनी प्रवरानगरला भेट दिली. त्याच वर्षी विखे पाटलांना पद्मश्री मिळाली. त्याच सालच्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांच्या जमिनी काढून घेतल्या, १९६३मध्ये त्या शेती महामंडळाकडे आल्या आणि त्या जमिनी खंडाने दिलेल्या शेतकऱ्यांचा, म्हणजे खंडकऱ्यांचा, लांबलचक लढा सुरू झाला. हरेगावचा कारखाना पुढे बंद पडला. प्रवरानगरचा वाढत गेला. १९६४मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था निघाली. शाळा, तंत्रशिक्षण, लोणीचे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय, आसवनी असा विस्तार होत गेला. ‘प्रवरा’चा दाखला घेऊन राज्यभर सहकारी कारखाने उभे राहिले.

आज हा कारखाना पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील यांचे नाव धारण करतो. आव्हाने संपलेली नाहीत. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह वाढला. टंचाईच्या साली वरच्या धरणांतून खालच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडावे लागते. त्यामुळे पाटाने सोडलेल्या पाण्याची जागा ठिबक घेत आहे. हरेगाव आणि प्रवरानगर या दोन्ही कारखान्यांना नदी, रेल्वे आणि ऊन एकच होते. फरक मालकीचा होता. आपल्या भूमीचे गुण ओळखून त्यांचा लाभ गावातच राहील अशी व्यवस्था उभी करणे, हेच प्रवरानगरच्या कारखान्याचे कर्तृत्व आहे.