आठवडा विकत घेतला, खर्च मात्र वर्षभराचा

नव्वदच्या दशकात 'मोफत जेवण आणि भेटवस्तू' म्हणून हॉटेलात बोलावलेले आठवतात ना? तिथे खपायचा टाइमशेअर. गोव्याच्या किनाऱ्यावरची खोली, दरवर्षी एक आठवडा, अनेक वर्षांसाठी.

कल्पना १९६०च्या दशकातली, युरोपातली. अमेरिकेत तिला जोर आला तो १९७३च्या तेलसंकटानंतर. पेट्रोल महागलं, मंदी आली, फ्लोरिडातले समुद्रकाठचे फ्लॅट पडून राहिले. अख्खा फ्लॅट घ्यायला कुणी तयार नाही? मग त्याचे आठवडे पाडून विका! एका फ्लॅटला पन्नास गिऱ्हाइकं. म्हणजे ही सोय आधी बिल्डरची होती, आपली नंतर.

खरी मेख पुढेच आहे. साधं हॉटेल कळकट झालं तर आपण दुसरीकडे जातो. टाइमशेअरवाला जाणार कुठे? पैसे आधीच भरलेले. खाऱ्या हवेने सळ्या गंजतात, प्लास्टर सुटतं, डागडुजी महागते. वार्षिक देखभाल शुल्क वाढतं. वैतागून काही जण भरणं थांबवतात, की दुरुस्तीला पैसा आणखी कमी. विकायला काढावं तर घेणारा नाही.

युरोपीय संघाने १९९४मध्ये नियम केला: सही केल्यावर किमान दहा दिवसांत माघार घेता येईल. २००९च्या नव्या निर्देशाने ते चौदा झाले. आपल्याकडे टाइमशेअरचा स्वतंत्र कायदा नाही, ग्राहक आयोगाची पायरी चढावी लागते.

म्हणून सही करण्याआधी एवढंच विचारा: शुल्क कोण वाढवणार, आणि बाहेर पडायचं दार कुठंय?